बरं कर, की सांभाळून ने?

(दृश्य: व्हॅटिकनमधलं सभागृह, बुधवारच्या भेटीला जमलेली गर्दी)

२८ डिसेंबर २०२२. पोप फ्रान्सिस यांचं बोलणं संपत आलं होतं. शेवटी त्यांनी लोकांकडे एक मागणं मागितलं. निवृत्त पोप बेनेडिक्ट फार आजारी आहेत, त्यांच्यासाठी खास प्रार्थना करा. देवानं त्यांना दिलासा द्यावा आणि शेवटपर्यंत सांभाळावं.

ते बरे व्हावेत, असं त्या मागण्यात कुठे नव्हतं. बेनेडिक्ट ९५ वर्षांचे होते. तीन दिवसांनी ते देवाघरी गेले.

ज्यानं आयुष्यभर लोकांना देवाकडे नेलं, त्या म्हाताऱ्या माणसाची जायची वेळ आली की त्याच्या लोकांनी देवाकडे काय मागायचं? हा प्रश्न साऱ्या जगासमोर उभा राहिला तो २००५ साली.

(दृश्य: व्हॅटिकनमधला सेंट पीटर चौक, वरच्या मजल्यावरची खिडकी)

पोप जॉन पॉल दुसरे १९७८ मध्ये निवडून आले तेव्हा ५८ वर्षांचे होते. डोंगर चढणारे, बर्फावर स्की करणारे. १९८१ मध्ये याच चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातून ते वाचले. मग पार्किन्सनच्या आजारानं हळूहळू शरीर ताब्यात घेतलं. फेब्रुवारी २००५ मध्ये श्वास घेता यावा म्हणून डॉक्टरांना त्यांच्या गळ्याला छिद्र पाडावं लागलं.

२७ मार्च, ईस्टरचा रविवार. पोप खिडकीत आले. मायक्रोफोन तोंडाजवळ धरला गेला. ओठ हलले, गळ्यातून घरघर आली, पण शब्द फुटला नाही. मग त्यांनी नुसत्या हातानं हवेत क्रूस काढून आशीर्वाद दिला. खाली चौकात माणसं रडत होती.

हे का दाखवायचं, असं तेव्हा अनेकांनी कळवळून विचारलं. पायउतार का होत नाहीत, असंही विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर जॉन पॉल यांनी १९८४ मध्येच, दुःखसहनावर लिहिलेल्या पत्रात देऊन ठेवलं होतं. वेदना ही स्वतः काही पवित्र गोष्ट नाही. ती कमी करता येत असेल तर केलीच पाहिजे. पण जी उरते, ती क्रुसावरच्या येशूच्या वेदनेला जोडून अर्पण करता येते, इतरांसाठी. म्हणजे हात थरथरणारा, बोलता न येणारा माणूसही काम करत असतो. आणि पोप ज्याच्या गादीवर बसतात त्या पेत्राला, आपल्या शिष्याला, येशूनं सांगूनच ठेवलं होतं: तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, आणि तुझी इच्छा नसेल तिकडे दुसरा तुला नेईल.

३१ मार्चला संसर्ग रक्तात पसरला. त्यांना पुन्हा इस्पितळात नेलं नाही, त्यांच्या खोलीतच उपचार झाले. हे हार मानणं नव्हे. मरण समोर दिसत असताना नुसता त्रास लांबवणारे उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या नाही, असं त्यांनी स्वतः १९९५ च्या परिपत्रकात लिहिलं होतं. त्यांना रुग्णाभ्यंग दिला गेला. या संस्कारात धर्मगुरू आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतात.

२ एप्रिलच्या दुपारी ते पोलिश भाषेत पुटपुटले: मला पित्याच्या घरी जाऊ द्या. रात्री आठला पलंगाशेजारी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, झाली आणि त्यांना शेवटचा ख्रिस्तप्रसाद, वाटेची शिदोरी, मिळाली. ९ वाजून ३७ मिनिटांनी प्राण गेला.

(दृश्य: बेनेडिक्ट, व्हॅटिकनच्या बागेत)

बेनेडिक्ट यांनी दुसरी वाट धरली. अंगात बळ उरलं नाही म्हणून २०१३ मध्ये ते पायउतार झाले. एकानं क्रूस सोडला नाही आणि दुसऱ्यानं सोडला, असं बोललं गेलं. मला ते पटत नाही. दोघांनीही आपलं शरीर आणि आपलं पद देवापुढे ठेवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये, ते एकेकाळी जिथले आर्चबिशप होते त्या म्युनिकच्या चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांच्या चौकशी अहवालानंतर, बेनेडिक्ट यांनी पीडितांची क्षमा मागणारं पत्र लिहिलं. आपण लवकरच अखेरच्या न्यायाधीशासमोर उभे राहू, असं त्यात आहे. तो न्यायाधीश आपला मित्र आणि भाऊही आहे, म्हणून मन शांत आहे, असंही आहे. जॉन पॉल यांच्या अंत्यविधीला लोकांनी त्यांना ताबडतोब संत करा अशा घोषणा दिल्या. ते प्रेमापोटीच होतं. तरी मला या पत्रातला सूर जास्त खरा वाटतो. पद कितीही मोठं असो, न्यायाच्या दारातून सगळ्यांनाच जायचं आहे.

हे सगळे पोप कॅथलिक. ख्रिस्ती धर्मातल्याच प्रॉटेस्टंट मंडळींचं इथे थोडं वेगळं आहे. तारण ख्रिस्तानं आधीच पूर्ण केलं, ही त्यांची भिस्त. म्हणून माणूस गेल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करण्याची रीत त्यांच्या बहुतेक मंडळ्यांमध्ये नाही. जे मागायचं ते तो असेपर्यंत. पण बिछान्याशी बसल्यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघेही वाचतात ते बायबलमधलं तेविसावं स्तोत्रच. "मला तर जगणे हे ख्रिस्त आणि मरणे हे लाभ आहे," असं प्रेषित पौल बायबलमध्ये लिहितो. तोच पौल मृत्यूला शेवटचा शत्रूही म्हणतो. हे दोन्ही एकाच वेळी खरं मानायचं म्हणजे सोपं नाही. मेलेल्या लाजाराला, आपल्या मित्राला, आपण पुन्हा उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. तेव्हा नव्वदीतल्या गुरूसाठी डोळ्यांत पाणी आलं, तर श्रद्धा कमी पडली असं कुणी कुणाला म्हणू नये.

(दृश्य: रोममधलं सांता मारिया माज्जोरे चर्च)

फ्रान्सिस यांनी आपलं मृत्युपत्र २०२२ च्या जूनमध्येच लिहून ठेवलं होतं. २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते वारले आणि मग ते वाचलं गेलं. त्यात होतं: थडगं याच चर्चमध्ये, जमिनीत असावं, साधं, वर फक्त नाव. आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात जे दुखणं वाट्याला आलं, ते जगातल्या शांतीसाठी आणि माणसांमधल्या बंधुभावासाठी त्यांनी प्रभूला अर्पण केलं होतं.