मनगटावरचा तपकिरी आणि पापणीवरचा तपकिरी

अध्यक्षबाई आणि मैत्रिणींनो, पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रोजच्या मेकअपसाठी आयशॅडो पॅलेट : एक तुलना’ असं छापलंय. ते वाचून मागच्या रांगेतले काका उठायच्या बेतात दिसतात. बसा काका, तर्री-पोहे शेवटी आहेत.

नागपूरकरणीला तरी हा विषय फालतू वाटू नये. मार्च ते जून आपण गाडीवर निघतो ते तोंडाला स्कार्फ असा गुंडाळून, की सख्ख्या आईनं ओळखू नये. लिपस्टिक स्कार्फला लागते, ब्लश घामात जातो. उरतात डोळे. म्हणून मेकअपचा खर्च करायचाच तर डोळ्यांवर करावा, हे माझं जुनं मत. गॉगलवाल्यांनी कृपया वाद घालू नये.

आता माझी तक्रार. बर्डीवरच्या एका दुकानात आयशॅडो पॅलेट, म्हणजे पापणीवर लावायच्या रंगांची डबी, घ्यायला गेले होते. नाव घेत नाही, मालक इथल्याच कोणाचे तरी व्याही निघायचे. काउंटरवरच्या मुलीनं माझा हात धरला, उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला चार रेघा ओढल्या. “पाहा मॅडम, किती छान दिसून राहिलं!” दिसणारच ना बाप्पा! त्या जागेनं ऊन कधी पाहिलेलं नाही. माझ्या अंगावरची ती सर्वांत गोरी जागा. पापणी तिच्याहून कितीतरी सावळी, त्यात पिवळट झाक, कडेला काळपटपणा. मी म्हटलं, पापणीवर लावून दाखव. तर म्हणे, “टेस्टर डोळ्याला नाही लावत, इन्फेक्शन होते.” हे मात्र तिचं शंभर टक्के खरं. मग म्हटलं, हाताच्या बाहेरच्या बाजूला लाव. लावलं. दोन रेघा गायब, तिसरी राख फासल्यासारखी. “लाइटचा प्रॉब्लेम आहे मॅडम.” बरं, लाइटचा तर लाइटचा. एप्रिलच्या भर दुपारी मी दुकानाबाहेर उन्हात हात पुढे करून उभी राहिले. एक ऑटोवाला थांबला, “कुठं जायचं ताई?”

अशी राख का दिसते? आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, तेव्हा एवढं सांगू द्या. तपकिरी रंग येतो आयर्न ऑक्साइडमधून. पिवळं, तांबडं आणि काळं यांचं मिश्रण. छटा फिकट करायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, ते पांढरंफेक. शिवाय बहुतेक पावडरींत टाल्क असतं. गव्हाळ पापणीवर हा पांढरेपणा उघडा पडतो. चमकदार छटेत अभ्रकाच्या पापुद्र्यांवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यावरून प्रकाश परततो, म्हणून ती फिकट असूनही चालून जाते.

अध्यक्षबाई घड्याळ दाखवून राहिल्या. दोन मिनिटं? अहो, तुलना तर आत्ता सुरू होतेय! बरं, भरभर सांगते.

डबीत किती छटा आहेत ते मोजू नका, आपल्या पापणीवर वेगळ्या किती दिसतात ते मोजा. अर्बन डिके कंपनीचं ‘नेकेड’ २०१० चं. या तपकिरी पॅलेटचं वेड त्यानंच लावलं. छटा १२, पण खऱ्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, २. लग्नाला झकास, सकाळच्या बँकेला नाही. २०१८ मध्ये कंपनीनं ते बंदही केलं. त्यांचंच ‘नेकेड बेसिक्स’ ६ छटांचं, त्यात ५ मॅट. ऑफिससाठी आदर्श वाटतं. पण निम्म्या छटा इतक्या फिकट, की आपल्याकडे त्या तिन्ही मिळून एकच. अनास्तेसिया बेव्हर्ली हिल्स या कंपनीच्या ‘सॉफ्ट ग्लॅम’मध्ये १४ छटा. त्यातला ‘बर्न्ट ऑरेंज’ गोऱ्या पापणीवर भडक वाटेल, गव्हाळ पापणीच्या खोबणीत मात्र सावलीसारखा मुरतो. पावडर उडते, ब्रश हलका टेकवा. महाग आहे, तरी माझं मत यालाच. मेबेलिनचं ‘द न्यूड्स’ स्वस्त, १२ छटांचं, रंग कमी चढतो. नवशिक्या मुलींना तो दोष नाही, उलट हात चुकला तरी निभावतं.

पन्नाशीनंतर चमक लावावी का, अशी चिठ्ठी आलीय. लावावी की! फक्त पापणीच्या मधोमध, घडीत नाही. ब्रशचं राहिलंच... हो, हो, बसते.