शिंगवाल्या झाडाचे पहारेकरी

काट्यांची ही जोडी बघा. थेट बैलाची शिंगं! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या, बाभळीच्या कुळातल्या या झाडाला म्हणूनच ‘बुलहॉर्न अकेशिया’ म्हणतात.

टोकाजवळ बारीकसं भोक दिसतंय? ते राणी मुंगीनं कुरतडून पाडलंय. आतला मऊ गर काढून टाकला, की पोकळ काट्यात तिचा संसार सुरू.

आता फांदीला जरासा धक्का देऊ... आल्याच! अंगानं सडपातळ, पण डंख असा की हात आपोआप मागे येतो. पान खायला आलेली अळी असो की गुरं, त्या कुणाची गय करत नाहीत. गस्त रात्रीही चालू असते. वेल अंगाला भिडली किंवा बुंध्याशी दुसरं रोप उगवलं, तर तेही कुरतडून टाकतात. १९६० च्या दशकात डॅनियल जॅन्झेन या जीवशास्त्रज्ञानं मेक्सिकोत काही झाडांवरच्या मुंग्या काढून पाहिल्या. किड्यांनी ती झाडं ओरबाडली, वेलींनी झाकून टाकली.

पगार काय, तर पर्णिकांच्या टोकांवरचे हे पिवळसर दाणे. प्रथिनं आणि स्निग्धांशानं भरलेले. मुंग्या ते तोडून आपल्या अळ्यांना भरवतात. निकाराग्वात सोन्याच्या खाणीचं काम पाहणाऱ्या थॉमस बेल्टनं १८७४ साली त्यांचं वर्णन छापलं. दाण्यांना आज त्याचंच नाव आहे.

शिवाय देठावरच्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो. झाडाचा खरा कावा या रसात आहे. बहुतेक मुंग्यांना आवडणारी साखर, म्हणजे सुक्रोज, झाडानं त्यात आधीच फोडून ठेवलेली असते. त्यामुळे उपऱ्या मुंग्यांना त्याची फारशी ओढ नसते. आणि घरच्या मुंगीचं? कोषातून नुकतीच बाहेर आलेली कामकरी मुंगी हा रस चाखते, तेव्हा त्यातलं एक प्रथिन तिच्या पोटातलं सुक्रोज पचवणारं विकरच बंद पाडतं. दुसरीकडचा गोडवा मग तिला पचणारच नाही. पहिल्याच घासाला असं बांधून घेणं... मुंग्यांची थोडी दयाच येते.

एवढा बंदोबस्त असूनही चोर आहेच. हा ‘बघीरा किपलिंगी’, उड्या मारणारा कोळी. कोळी असून याचं पोट मुख्यतः वनस्पतींवर भरतं, तेही याच दाण्यांवर. पहाऱ्याला मात्र हा कधी उभा राहत नाही.

तो बघा, दाणा तोडला. मुंगी वळेपर्यंत पुढच्या पानावर.