पाना अजून खिशातच

काँक्रीटच्या होलमध्ये रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या केमिकल गोंदाने, बसवलेला हा रॉड बघा, हाताने हलवला तर जरा पण हलत नाही, वाटतं झालं काम, लावा नट आणि आवळा. मी हेच केलं होतं एकदा, घाई होती, दोन आटे आवळले आणि नटाबरोबर अख्खा रॉडच गरागरा फिरला. मग काय, बाजूला नवीन होल.

होलचंच आधी बघू. एम १२ च्या, म्हणजे १२ मिमी जाडीच्या, रॉडला बहुतेक वेळा १४ मिमीचा बिट लागतो. ड्रिल मारल्यावर आत जी भुकटी राहते ना ती खरी दुश्मन, रेझिन काँक्रीटला धरायच्या ऐवजी त्या भुकटीलाच धरून बसतं. म्हणून पंपाने तळापासून हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, परत हवा, आणि हे सगळं परत एकदा. तोंडाने फुंकर मारू नका, सगळं डोळ्यात जातं.

आता रेझिन भरायची गन. रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर ट्यूबमध्ये वेगवेगळे असतात, नोझलमधल्या पिळातून जाताना मिसळतात, त्यामुळे सुरुवातीचा माल पट्टे पट्टे येतो, तो फेकायचाच, जीव वर-खाली होतो पण फेकायचा. रंग एकसारखा आला की नोझल तळाला टेकवून भरत भरत मागे यायचं, साधारण दोन तृतीयांश होल. मग रॉड फिरवत फिरवत आत. तोंडाशी थोडं रेझिन बाहेर आलं पाहिजे, नाही आलं तर माल कमी पडलाय किंवा आत पोकळी राहिलीय.

आणि आता हात लावायचा नाही. ट्यूबवर दोन वेगवेगळ्या वेळा छापलेल्या असतात, एक रॉड बसवायची आणि दुसरी लोड द्यायची, लोक पहिलीच वाचतात. थंडीत दुसरी वेळ खूप लांबते, आणि बघायचं ते काँक्रीटचं तापमान, नुसतं हवेचं नाही. होल ओलं असेल तर बऱ्याच रेझिनला दुप्पट वेळ द्यावा लागतो.

पटकन सेट होतं म्हणून पण भुलू नका. २००६ च्या जुलैमध्ये बॉस्टनच्या एका बोगद्यात छताचे काँक्रीट पॅनल चालत्या गाडीवर पडले, एका बाईचा जीव गेला. पॅनल लटकत होते एपॉक्सीत, म्हणजे अशाच एका रेझिनमध्ये, बसवलेल्या अँकर रॉडवर, आणि तपासात निघालं की ते फास्ट सेट एपॉक्सी कायमच्या वजनाखाली हळूहळू ताणलं जात होतं.

रॉडशेजारी खडूने वेळ लिहिलीय, ११.२०. आत्ता कुठे पावणेबारा होतायत.