जोड कोणाशी लागली?

नमस्कार श्रोतेहो.

सिन्नर-दिंडोरीकडच्या यात्रांमध्ये कुस्त्यांची दंगल पाहिलेल्यांना हे चित्र नवं नाही. वस्ताद दोन पोरांना समोरासमोर उभं करतात, मान बघतात, खांदे चाचपतात, वय विचारतात आणि मगच हातात हात देतात. पोरं विजोड असली की कडेला बसलेली जुनी मंडळी ओरडतात, "जोड नाही, जोड नाही!" मग ती कुस्ती लागतच नाही.

आज बोलायचं आहे हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनी गटातल्या, बॉक्सिंगबद्दल. तिथे जोड कोण लावतं? बहुतेक वेळा बॉक्सर स्वतः, त्याचा मॅनेजर आणि पैसा लावणारा प्रमोटर. आपल्या महाराष्ट्र केसरीत ही सोय नाही. २०२० ला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा समोर लातूरचा शैलेश शेळके उभा. दोघेही वस्ताद काका पवारांचेच पठ्ठे. तरीही लढावंच लागलं, आणि सदगीर जिंकला. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र नको असलेला माणूस टाळता येतो, वर्षानुवर्षं टाळता येतो. म्हणून एखादा चॅम्पियन किती लढती जिंकला, याच्या आधी मी विचारतो की तो कोणाकोणाशी लढला, आणि कधी.

रॉकी मार्सियानोचंच घ्या. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ मध्ये निवृत्ती. हा आकडा ऐकला की पुढे कोणी काही विचारत नाही. पण त्या यादीतली मोठी नावं बघा. १९५१ मध्ये त्यानं माजी चॅम्पियन जो लुईला हरवलं, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता, एकदा निवृत्त होऊन पैशापायी परत आलेला. १९५२ मध्ये ज्याच्याकडून हेवीवेटचा जागतिक किताब घेतला, तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा. शेवटच्या लढतीतला आर्ची मूरही चाळिशीच्या आसपासचा.

मग मार्सियानोची किंमत कमी करायची का? माझं मत, नाही. वॉलकॉटच्या लढतीत पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला होता. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणांत तो मागे होता. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांपाशी आला आणि मार्सियानोचा जेमतेम हातभर अंतरावरून आलेला उजवा ठोसा जबड्यावर बसला. वॉलकॉट तिथेच गुडघ्यांवर खचला, डावा हात दोरात अडकलेला. ३८ वर्षांचा असला तरी त्या रात्री तो मोडीत निघालेला माणूस नव्हता. पुढे १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सशी दोनदा लढत झाली. पहिली पूर्ण पंधरा फेऱ्या चालली. दुसरीत मार्सियानोचं नाक असं फाटलं की लढत थांबते की काय अशी वेळ आली, तरी त्यानं आठव्या फेरीत चार्ल्सला लोळवलं. त्या काळात जे दावेदार उभे होते, त्यांच्याशी तो लढला. समोरच्यांचं वय झालं होतं, हा त्याचा गुन्हा नाही.

जॅक डेम्प्सीबद्दल मला असं म्हणता येत नाही. १९१९ ते १९२६ तो चॅम्पियन होता, आणि त्या काळात हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय बॉक्सर आघाडीचा दावेदार होता. करारही झाला, लढत मात्र कधीच झाली नाही. दोष एकट्या डेम्प्सीचा नव्हता. कृष्णवर्णीय माणूस पुन्हा चॅम्पियन झालेला गोऱ्या अमेरिकेला नको होता आणि प्रमोटरांना गोंधळाची धास्ती होती. १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हरल्यापासून १९३७ मध्ये जो लुई जिंकेपर्यंत हा किताब एकाही कृष्णवर्णीयाच्या हाती गेला नाही. विल्सची उमेदीची वर्षं वाट बघण्यात गेली. हा अन्याय मला आजही सलतो, आणि डेम्प्सीच्या कारकिर्दीचा हिशेब त्याला वगळून मांडायला मी तयार नाही.

आता मुहम्मद अली. त्याच्या नावावर पाच पराभव आहेत. पण १९७४ चा त्याचा निर्णय बघा. जो फ्रेझिअर आणि केन नॉर्टन, या दोघांनी अलीला हरवलं होतं. जॉर्ज फोरमननं त्याच दोघांना प्रत्येकी दोन फेऱ्यांत झोपवलं. फोरमन तेव्हाचा चॅम्पियन, २५ वर्षांचा, ४० पैकी ४० जिंकलेला. अली ३२ चा. कागदावर ही जोडच नव्हती, आणि विजोड ठरणारा अली होता. तरी तो आफ्रिकेत किन्शासाला त्याच्याशी लढायला गेला आणि आठव्या फेरीत त्यानं फोरमनला पाडलं. १९८० मध्ये लॅरी होम्सनं अलीला हरवलं खरं, पण तो अली ३८ वर्षांचा, पार थकलेला होता. नाव तेच, माणूस तो नव्हे. होम्सचा मोठेपणा मोजायचा तर मी १९७८ मधली नॉर्टनविरुद्धची पंधरा फेऱ्यांची लढत धरेन.

आणि आपल्या काळातला युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक. खालच्या वजनी गटात असताना हा गडी पोलंड, लॅटव्हिया, मॉस्को, मँचेस्टर असा प्रतिस्पर्ध्यांच्या दारात जाऊन जिंकून आला. हेवीवेटमध्येही २०२१ मध्ये त्यानं ब्रिटनच्या अँथनी जोशुआला लंडनमध्येच हरवलं. २०२४ च्या मे महिन्यात टायसन फ्युरी समोर आला, तोवर एकदाही न हरलेला, उंचीनं आणि वजनानं कितीतरी मोठा. इथे तर वयानं थोरला उसिकच होता, ३७ चा. तो जिंकला, डिसेंबरमध्ये पुन्हा लढून पुन्हा जिंकला. हेवीवेटमधल्या त्याच्या लढती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. माझ्या यादीत तरीही तो दुप्पट-तिप्पट विजय मिरवणाऱ्या कित्येक चॅम्पियनांच्या वर बसतो.

नमस्कार.