मधल्या माणसाचे काम

(समाजकार्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रमैत्रिणींनो, ‘प्रकल्प समन्वयक हवा’ अशी जाहिरात येत्या काही महिन्यांत तुम्ही अनेकदा वाचाल. खाली पात्रता म्हणून एम.एस.डब्ल्यू., दुचाकीचा परवाना, संगणकाचे ज्ञान आणि ‘फिरतीची तयारी’ एवढे लिहिलेले असते. प्रत्यक्ष काम काय, हे त्यावरून कळत नाही, आणि रुजू झाल्यावरही ते लगेच उमगतेच असे नाही. मला ते एका चुकीतून कळले, म्हणून आधी ती चूक सांगते.

एका आदिवासी तालुक्यात बालपोषणाच्या प्रकल्पावर मी समन्वयक होते. पाड्यांवरच्या कार्यकर्त्यांनी दरमहा घरोघरी जायचे, मुलांची वजने घ्यायची, आयांशी बोलायचे आणि रजिस्टर भरायचे, असे काम होते. एका मासिक आढावा बैठकीत मी एका कार्यकर्तीला सगळ्यांसमोर विचारले की, तुमच्या गृहभेटी निम्म्याच का? ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात तिच्या भेटी पूर्ण भरल्या, त्याच्या पुढच्या महिन्यातही भरल्या, आणि मी समाधानाने अहवाल पाठवत राहिले. दिवाळीच्या सुमारास त्या पाड्यावर गेले, तेव्हा एका आईने सहज सांगितले की, बाई पोळ्याच्या आधीपासून इकडे आल्याच नाहीत, नाल्याला पाणी होते. परत येऊन रजिस्टर नीट पाहिले. प्रत्येक मुलाचे वजन दरमहा बरोबर 200 ग्रॅमने वाढत गेले होते. पावसाळ्यात ताप-जुलाबाने लहान मुलांची वजने घटतात, हे मला ठाऊक होते. तरीही ती सरळ वाढणारी रेघ मला खटकली नव्हती, कारण ती मला हवी होती.

खोटे तिने लिहिले, पण ते मी मागितले होते. त्यानंतर आम्ही रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, ‘भेट झाली नाही, कारण’, आणि तो भरला म्हणून कोणाला जाब विचारायचा नाही असे ठरवले. कोणता पाडा किती दिवस तुटतो, कोणते कुटुंब कधी स्थलांतर करते, कोणत्या घरात सासू कार्यकर्तीला आत येऊ देत नाही, ही आमच्या प्रकल्पातली सर्वांत उपयोगी माहिती पुढची दोन वर्षे आम्हाला त्या एका रकान्यातून मिळाली.

समन्वयक संस्थेच्या उतरंडीत मधोमध बसतो. त्याच्या वर संचालक, विश्वस्त आणि दाते असतात, तर खाली कार्यकर्त्या आणि गाव. खालची खरी परिस्थिती वर पोहोचवणे आणि वरचा पैसा व निर्णय वेळेत खाली आणणे, हे त्याचे काम. त्यातले पहिले अधिक कठीण आहे, कारण जिने खरे सांगायचे तिचे मानधन त्याच आकड्यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रातल्या ज्या प्रकल्पांकडे आपण आदराने पाहतो, त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला ते अभ्यासा, असे मी आग्रहाने सांगेन. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांना एकदाच प्रशिक्षण देऊन गावी पाठवून दिले नाही. त्या ठरावीक दिवशी केंद्रावर येत, मुक्काम करत, गावात काय घडले आणि काय जमले नाही हे एकमेकींना सांगत, आणि त्या बोलण्यातूनच पुढचा धडा निघे. आढावा बैठक अशी असू शकते की, जिथे न जमलेले सांगितल्यावर शिकायला मिळते. आपल्या बहुतेक बैठकांत ते सांगितल्यावर मान खाली घालावी लागते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने घरच्या घरी नवजात बालसेवेचा प्रयोग 39 गावांत केला, 47 गावे तुलनेसाठी ठेवली आणि नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. हे तुम्ही वर्गात शिकला असाल. माझे लक्ष मात्र त्यातल्या मोजणीकडे जाते. नोंद गावातल्या कार्यकर्तीने करायची, आणि तिची पडताळणी गावात जाऊन दुसऱ्याने करायची, अशी ती रचना होती. तपासणी ही रोजच्या कामाचाच भाग असली की तिच्यात संशय उरत नाही, आणि तपासणाऱ्याचे फिरणे ज्याला आखावे लागते तो समन्वयकच असतो. पुढे 2001 मध्ये महाराष्ट्रातल्या 13 संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या गावांतले बालमृत्यू मोजले आणि सरकारी नोंदींत ते फार कमी दाखवले जातात हे राज्यासमोर आणले. 13 वेगळ्या संस्थांनी एकाच व्याख्येने, एकाच पद्धतीने मोजायचे, यामागे समन्वयाचे किती काम असेल, याची कल्पना हे काम केलेल्यालाच येईल.

आता अधिकाराविषयी. सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा, शाळेचे मुख्याध्यापक यांच्यापैकी कोणीही तुमच्या हाताखाली नसते, आणि यांच्यावाचून तुमचा कार्यक्रम एक दिवसही चालत नाही. ही माणसे तुमच्यासाठी वेळ काढतात ती तुम्ही त्यांच्या कामाची अडचण ओळखता म्हणून. सेविकेला महिनाअखेरीस अहवाल भरायचा असतो, त्या आठवड्यात तिच्याकडे प्रशिक्षण ठेवणारा समन्वयक तिचा विश्वास गमावतो.

वेळापत्रकाचा हा मुद्दा मला अधिक सविस्तर मांडायचा आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत असते. मंजुरी, करार आणि पहिला हप्ता यांत अनेकदा पावसाळा निघून जातो. त्यानंतर 31 मार्चपर्यंत निधी खर्ची टाकण्याची घाई सुरू होते. बीड जिल्ह्यात किंवा पाथर्डी, जामखेड या भागात काम करणाऱ्याला यातली अडचण लगेच कळेल. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत गावे अर्धी रिकामी असतात. पैसा हातात असतो तेव्हा माणसे ऊसतोडीच्या फडावर असतात, आणि माणसे परततात तेव्हा नवे आर्थिक वर्ष मंजुरीची वाट पाहत असते. प्रस्ताव लिहिला जात असतानाच जो समन्वयक हे दात्यासमोर मांडतो, उपक्रमांचा क्रम गावाच्या वर्षाप्रमाणे लावून घेतो आणि गरज असेल तर मुलांच्या शाळेचे काम फडापर्यंत नेण्याची तरतूद आधीच करून घेतो, त्याचा प्रकल्प उभा राहतो. यासाठी प्रस्तावाच्या चर्चेत बसायला मिळावे, असा आग्रह तुम्ही धरायला हवा.

पैशाची भाषाही शिकून घ्या. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यात कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा संस्थेच्या खर्चालाही लावण्याची सवय काही दात्यांना असते, आणि तेव्हा नियम नम्रपणे दाखवून देता आला पाहिजे. परदेशी निधीच्या कायद्यात 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. या मर्यादांचा सर्वांत मोठा ताण मधल्या पदांवर येतो. कार्यकर्तीचे मानधन ‘कार्यक्रम’ या शीर्षात बसते, मुलांचा खाऊ बसतो, वजनकाटे बसतात, पण पन्नास गावांतल्या कार्यकर्त्यांना सांभाळणारा माणूस ‘वरखर्च’ ठरतो. माझ्या मते हे चूक आहे. पर्यवेक्षणावाचून भरलेल्या रजिस्टरचे काय होते ते मी सुरुवातीला सांगितले.

पदांच्या वाटेविषयी थोडक्यात सांगते. क्षेत्र कार्यकर्ता, पर्यवेक्षक, समन्वयक, कार्यक्रम व्यवस्थापक, संचालक अशी चढण साधारणपणे असते. पदवीमुळे तुम्ही पहिल्या एक-दोन पायऱ्या गाळू शकाल, पण शक्य असेल तर गाळू नका. पगार कॉर्पोरेट क्षेत्राच्या तुलनेत कमी असतो, प्रकल्प संपला की नोकरी संपते, आणि घरी ‘समाजसेवा ठीक आहे, पण नोकरी कुठे करतेस?’ हा प्रश्न अनेक वर्षे ऐकावा लागतो. सेवाभावाच्या नावाखाली या गोष्टी झाकल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. निष्ठावान माणसे दहा वर्षांत थकून या क्षेत्रातून बाहेर पडलेली मी पाहिली आहेत.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही प्रश्न विचारा. नेमणूकपत्रात पगार लिहिला आहे की मानधन, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, माझ्या पदाचा पैसा कोणत्या निधीतून येतो आणि तो कधी संपतो, दात्याला जाणारा अहवाल पाठवण्याआधी मी पाहणार का, हे विचारायला संकोच करू नका. आणि आपल्या आधी या जागेवर कोण होते व ते का गेले, हे आवर्जून विचारा. शक्य असेल तर रुजू होण्यापूर्वी त्या व्यक्तीला भेटा, तिच्या फिरतीच्या डायऱ्या मागून घ्या आणि कोणत्या गावात ती शेवटपर्यंत पोहोचू शकली नाही, ते तिच्याकडून लिहून घ्या.