हुंडणावळ आणि साताऱ्याचा विद्यार्थी

श्रोतेहो, नमस्कार.

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की एक निरोप मोबाईलवर फिरू लागतो. 1947 साली एक डॉलर म्हणजे एक रुपया होता, आणि आज बघा आपली काय गत झाली! माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तो मला दाखवला आणि विचारलं, "सर, हे खरंय?" मी म्हटलं, फळ्यावर ये, आपण हिशोबच करू.

तेव्हा रुपयाची किंमत डॉलरमध्ये ठरत नसे, ती ठरे ब्रिटिश पौंडात. 1927 च्या कायद्यानं एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, असा दर बांधला होता. शिलिंगाचे पेन्स बारा, म्हणजे रुपयाचे झाले अठरा. पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस. दोनशे चाळीसला अठरानं भागा. उत्तर येतं तेरा रुपये, पाच आणे, चार पै. आणि 1947 साली त्या एका पौंडाला चार डॉलर तीन सेंट मिळत. म्हणजे डॉलर पडला साधारण तीन रुपये पाच आण्यांना. मुलीनं खडू ठेवला आणि तो निरोप पुसून टाकला.

जुने लोक या दराला 'हुंडणावळ' म्हणत. हुंडी म्हणजे सावकारी पैसे देण्याची चिठ्ठी; ती वटवण्याशी जोडलेला हा शब्द मला 'विनिमय दर' या शब्दापेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात घेणारा, देणारा आणि मधला सराफ असे तिघेही दिसतात. हुंडणावळ बदलली की यातल्या कुणाच्या तरी पदरात पडतं आणि कुणाच्या तरी खिशातून जातं. हे नेमकं ओळखणारा एक माणूस आपल्या साताऱ्यात शाळा शिकला.

7 नोव्हेंबर 1900. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीला एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. त्या वर्षी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे रुपयाला एक शिलिंग चार पेन्स. त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांत चांदीचा भाव कोसळला होता आणि चांदीचा रुपया दोन शिलिंगांच्या आसपासहून घसरत खाली आला होता. सरकार इथं रयतेकडून सारा रुपयांत गोळा करी, पण लंडनचा खर्च भागवी पौंडांत. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत, आणि ते रयतेकडूनच यायचे. शेवटी 1893 साली लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टांकसाळींत बंद केलं आणि पुढं सोळा पेन्सांचा दर ठरला.

आता 1920 साली या. बाबासाहेब पदरची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज एवढ्यावर अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले. त्याच वर्षी सरकारनं रुपया दोन शिलिंगांवर बांधायचा घाट घातला होता. तो दर टिकला नाही. 1921 मध्ये रुपया सोळा पेन्सांच्याही खाली गेला. परदेशात शिकणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दोन शिलिंगांनी हजार रुपयांचे शंभर पौंड होतात. सोळा पेन्सांनी त्याच हजाराचे होतात सहासष्ट पौंड, तेरा शिलिंग, चार पेन्स. बाबासाहेबांच्या खर्चाची वही माझ्यासमोर नाही. पण पाव-लोण्याचाही हिशोब ठेवून जगणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक जाणवला नसेल, असं मला वाटत नाही.

त्यांनी प्रबंध लिहिला तो याच विषयावर, रुपयाच्या प्रश्नावर. 1923 साली तो पुस्तकरूपानं लंडनमध्ये निघाला. त्यातला एक मुद्दा मला आजही हलवतो. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, व्यापार तेजीत येतो, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं की हा नफा येतो कुठून? किमती चढतात, मजुरी मागं रेंगाळते. व्यापाऱ्याचा लाभ म्हणजे मजुराची तूट. म्हणून परदेशी चलनाशी दर बांधण्यापेक्षा देशातल्या देशात रुपयाची खरेदीची ताकद स्थिर ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1925 साली भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढं त्यांनी साक्षही दिली.

पुढची कथा भराभर सांगतो. 1949 साली पौंडाचं अवमूल्यन झालं, रुपया त्याच्याबरोबर उतरला आणि डॉलर चार रुपये शहात्तर पैशांवर गेला. पौंड मात्र तेरा रुपये तेहतीस पैशांवरच राहिला, थेट 6 जून 1966 पर्यंत. त्या दिवशी डॉलर साडेसात रुपयांचा झाला आणि पौंड एकवीसचा. जुलै 1991 मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा रुपया उतरवला, डॉलर एकवीसच्या आसपास होता तो सव्वीसच्या घरात गेला. 1993 पासून दर बाजारात ठरतो, रिझर्व्ह बँक गरजेपुरता हात घालते.

आजही रुपया घसरला की सांगलीच्या हळद आणि बेदाण्याच्या निर्यातदाराला डॉलरमागं चार रुपये जास्त मिळतात. त्याच्या कष्टाचं चीज होतं, त्यात वाईट काही नाही. पण खाद्यतेल आपण मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. फडावर ऊस तोडणारी बाई पामतेलाची पिशवी घेते, तेव्हा त्याच घसरणीचा भार तिच्याही माथी पडतो, आणि तिची मजुरी डॉलरवर ठरत नाही. टीव्हीवर रुपया पडला, रुपया सावरला असं देशाच्या अब्रूच्या भाषेत बोलतात, तेव्हा मला या बाईचं काय झालं हे ऐकायचं असतं.

येत्या 7 नोव्हेंबरला मी माझी मुलं घेऊन राजवाड्यावर जाणार आहे. तिथं त्यांना एकच गणित घालणार आहे: हजार रुपये, दोन शिलिंगांनी किती पौंड आणि सोळा पेन्सांनी किती? वह्या घरून आणा, असं सांगून ठेवलंय.

नमस्कार.