वाईचे सात घाट आणि कृष्णाबाईचा उत्सव

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय वाईबद्दल. वाई म्हटलं की बहुतेकांना ढोल्या गणपती आठवतो, नाहीतर शूटिंग. पाचगणी-महाबळेश्वरला जाताना गाडी थांबवायची, दर्शन घ्यायचं, घाटावर फोटो काढायचे आणि पसरणीचा घाट चढायला लागायचं. त्यात वाईट काहीच नाही, पण वाई खरी कळते ती तिच्या आळ्यांमधे, आणि त्यातही कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव सुरू झाला की.

वाईत कृष्णेवर सात घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. उत्सव अख्ख्या गावाचा एकच नसतो, प्रत्येक घाटाचा वेगळा असतो, आणि एका घाटाचा संपला की दुसऱ्याचा येतो. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती वाजतगाजत येते, कीर्तनं, भजनं, हळदीकुंकू, महाप्रसाद, सगळं नदीच्या काठावर. परंपरा अशी सांगतात की १६५९ साली अफझलखान वाईत तळ ठोकून होता तेव्हा शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून शेंडे शास्त्रींनी कृष्णामाईला नवस बोलला आणि तिथून हा उत्सव सुरू झाला. म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ लोक हे सांभाळत आलेत.

आता मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू का, तर ही घाटवार वाटणी. आळी लहान असते त्यामुळे कोण आलं, कोण नाही, कोणाच्या घरात आजारपण आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. वर्गणी, कीर्तनकारांना बोलावणं, स्वयंपाक, पंगतीत वाढणं, सगळं त्याच लोकांनी करायचं, आणि पुढच्या घाटाचा उत्सव आला की मग आपण पाहुणे म्हणून तिकडे जायचं, निवांत कीर्तन ऐकत बसायचं. एकाच मोठ्या कमिटीकडे सगळं दिलं असतं तर बाकीचे नुसते प्रेक्षक झाले असते असं मला अगदी मनापासून वाटतं. इथे यजमानपण फिरतं राहतं.

ढोल्या गणपतीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मधे ते देऊळ बांधलं (नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या). पुढून दर्शन घेऊन परत फिरू नका, मागे जाऊन बघा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. नदीच्या इतक्या जवळ राहायचं तर तिचा जोर ओळखून राहायचं, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि हे गाव नुसतं देवळांचं नाही. मराठी विश्वकोश वाईत तयार झाला, पुण्यात नाही की मुंबईत नाही. त्याचं कारण विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा हा मुलगा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला आला आणि इथलाच झाला. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ ला आला, आणि पुढे एकूण वीस खंड झाले. उन्हाळ्यात टिळक ग्रंथसंग्रहालयाची वसंत व्याख्यानमाला असते तीही अशीच, एवढ्याशा गावात लोक संध्याकाळी विचार ऐकायला जातात.

पण नदीचं काय? हे बोलायलाच आज आलोय खरं तर. वरच्या अंगाला धोमचं धरण झाल्यापासून गावातून जाणारं पाणी बरंचसं धरणातून किती सोडतात त्यावर ठरतं, उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, पाणी डोहात साचून राहतं आणि त्यात नाल्यांचं सांडपाणी मिसळतं. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर, त्यावर जलपर्णी फोफावते, ती पाण्यावर पसरली की खाली उजेड जात नाही, ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात. जलपर्णी हाताने उपसणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मला फार आदर आहे, काठावर उभं राहून चर्चा करण्यापेक्षा ते गुडघाभर चिखलात उतरतात, पण तिचं खाद्य बंद झालं नाही तर काढलेली जलपर्णी परत वाढणारच. नाल्याचं पाणी अडवून, शुद्ध करूनच पुढे सोडलं पाहिजे.

गुरू कन्या राशीत आला की कन्यागत पर्वकाळ येतो, साधारण बारा वर्षांनी. गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. मागचा २०१६ ला झाला, पुढचा २०२८ ला. लोक लांबून स्नानाला येतील. तेव्हा वाईच्या आळ्यांमधल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, उत्सवात आपापल्या मांडवात एक संध्याकाळ फक्त नदीसाठी ठेवा. आपल्या घाटाच्या हद्दीत किती नाले पडतात ते चालत जाऊन बघा, कागदावर लिहा, आणि सातही घाटांचे कागद एकत्र करून पालिकेकडे न्या. एका आळीचा अर्ज बाजूला राहू शकतो. सात आळ्या मिळून गेल्या तर उत्तर द्यावंच लागेल, आणि नाही मिळालं तर पुढच्या घाटाच्या मांडवात परत तोच विषय घ्या.